निरगुडाईचा दंड

शेवरदऱ्याच्या निरगुडाईला कोरे लुगडे चालत नाही. उत्सवाच्या सकाळी पाटलांच्या घरून नवे जरीकाठी लुगडे येते, सगळ्यांसमोर त्याचा मधला भाग कापून काढतात, आणि उरलेली दोन्ही टोके खुद्द पाटील सुईदोऱ्याने जोडतो. जुने लुगडे मधोमध विरले की बायाबापड्या असेच करत. त्या शिवणीला दंड म्हणतात. शिक्षेलाही दंडच म्हणतात. हे दोन शब्द एकमेकांना कसे भेटले ते पंडितांना विचारावे. शेवरदऱ्यात मात्र त्याचे एकच उत्तर आहे, आणि गुरवाघरची तान्हूबाई ते आल्यागेल्याला पायरीवर बसून सांगते.

फार मागे, म्हणे, पाटलाचा मुलगा देवीच्या आजारातून उठला. पाटलाने नव्या लुगड्याचा नवस केला होता. पण मूल बरे झाल्यावर नवस महाग वाटू लागतो. त्याने बायकोचे जुने लुगडे काढले, झगझगीत काठ वर येतील अशी घडी घातली आणि देवीची वस्त्रे धुणाऱ्या ठकू परटिणीकडे पाठवले. ठकूने ते ओढ्यात बुडवले तेव्हाच तिला मधला भाग जाळीसारखा दिसला. पाटलाच्या दारच्या बलुत्यावर तिची चूल पेटत होती. तिने मुकाट्याने लुगडे वाळवून दिले.

देवीला नेसवताना ते टरकन फाटले.

"ठकीनं धोंड्यावर आपटून फाडलं," पाटील म्हणाला.

पाचही पंच नुकतेच त्याच्याच पंगतीतून उठले होते. पुरणपोळीवरचे तूप त्यांच्या हनुवट्यांवर अजून ओले होते. त्यांनी निवाडा दिला: ठकूने दंड म्हणून दिवेलागणीपर्यंत तसलेच लुगडे देवीला द्यावे, नाहीतर बलुते बंद, गाव बंद.

"कुठून आणू जी? माझ्याकडं हे एकच, अंगावरचं."

"मग तेच सोड की," एक पंच म्हणाला. बाकीचे हसले. त्यात दोन जण तिच्या बापाच्या वयाचे होते, असे सांगतात.

ठकू रडली नाही. तिने गुरविणीकडून सुईदोरा मागितला आणि देवळाच्या पायरीवरच बसली. फाटका मधला भाग कापला, धड टोके जोडली, लुगडे गुरवाच्या हाती दिले. मग कापलेली चिंधी उन्हासमोर धरली. पलीकडचा निवडुंग आरपार दिसत होता.

"आपटून फाटतं ते चिरतं. हे विरलंय, बसून बसून," ती म्हणाली. "आणि आमची निरगुडाई तर जन्माची उभी. मग बसलं कोण, पाटील?"

बायकांच्या घोळक्यात कुणीतरी खुदकले. पाटलीणबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"दंड म्हणालात, दंड घातला," ठकू पंचांकडे वळली आणि ती चिंधी त्यांच्यापुढे टाकली. "आता तोंडं पुसा. तूप दिसतंय."

एकाचा हात नकळत हनुवटीकडे गेला. मग उरलेल्या चौघांचेही गेले.

पाटलाला कुणी शब्दाने विचारले नाही. ठकूचे बलुते मात्र बंद झाले, पंचांना उलटून बोलली म्हणून. ज्या बायका हसल्या होत्या, त्यांनीही त्या संध्याकाळी दारे लावून घेतली. पाठीवर बोचके घेऊन ती ओढा उतरून गेली. कुठे, ते गावाने कधी शोधले नाही. पुढच्या वर्षी पाटलाने खरोखरचे नवे लुगडे आणले, तर ते देवीच्या अंगावर ठरेना. नेसवले की घसरून पायाशी. दंड घातला तेव्हा कुठे ते राहिले, म्हणे.

तान्हूबाई इथे थांबते आणि पायरीखाली थुंकते.

कारण आजही उत्सवाचे जेवण झाले की कापलेली चिंधी तबकात ठेवून पंचांपुढे आणतात, आणि पाचही घरांतले पुरुष तिला तोंड पुसतात. त्याला मान म्हणतात. आधी कुणी पुसायचे यावरून एकदा डोकी फुटली आहेत. पाहुणेही हात पसरतात: आजी, प्रसाद म्हणून थोडा तुकडा मिळेल का?

"मिळेल की," तान्हूबाई म्हणते. "जेवलात कुणाकडं, ते सांगा आधी."