हवालदाराचा हात

फार वर्षांपूर्वी, मोरदऱ्याच्या डोंगरात अजून तरस फिरत होते तेव्हाची ही गोष्ट. पण गाव तरसाला भीत नव्हतं, सरपंच रंगरावाला भीत होतं. त्याच्या दारावरून जाताना कुत्रीसुद्धा भुंकत नसत, असं म्हणतात. कुत्री शहाणीच असतात म्हणा.

तेव्हा मतदानाला पेटी नव्हती की पडदा नव्हता. सगळ्यांनी चावडीपुढं बसायचं आणि नाव पुकारलं की हात वर करायचा. कारकून हात मोजायचा, रंगरावाची माणसं मागं उभी राहून हात ओळखायची. एका साली भिकोबा शेडग्यानं एकट्यानंच दुसऱ्या नावाला हात वर केला. आठ दिवसांत त्याची कडब्याची गंजी जळाली. पंधराव्या दिवशी भिकोबाच विहिरीत सापडला. त्यानंतर रंगरावाच्या विरुद्ध उभं राहायला कुणी धजावलं नाही.

अशात लढाईवरून हवालदार गेनू पिसाळ परत आला. त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला होता, सदऱ्याची बाही नुसती लोंबत असायची. भिकोबा त्याचा लहानपणचा सोबती. गेनूनं सगळं ऐकून घेतलं आणि सरपंचकीला उभा राहिला. गावानं त्याला बघून दारं लावून घेतली.

"एक हात देऊन आलास, आता मुंडकं देतूस व्हय रं?" आई रडायला लागली.

"भ्या मलाबी वाटतंय आये. तिकडं गोळी समोरनं यायची, हितं कुठनं यील कळत न्हाई. पर भिकोबा एकलाच मेला गं."

रंगराव स्वतः दारात आला. "एकबी हात वर झाला न्हाई, तर दिस मावळायच्या आत गाव सोडायचं," एवढंच बोलला. हवालदारानं मान हलवली.

मतदानाच्या दिवशी भर दुपारी कारकुनानं गेनूचं नाव पुकारलं. गेनूनं स्वतःचाच डावा हात वर केला. रंगराव हसला. "डाव्या हातानं देवाचा परसाद घेत न्हाईत, मग मत चालंल व्हय? उजवाच मोजा." कारकुनानं घाबरून होकार दिला. माणसं हात मांडीखाली दाबून बसली. मीही तेच केलं असतं, उगाच शौर्य कशाला सांगू? गेनूच्या आईनं पदर डोळ्यांवर ओढला.

वारा नव्हता. पिंपळाचं पान हलत नव्हतं. आणि हवालदाराची रिकामी बाही हलली. ती आतून भरत गेली आणि सरळ डोक्याच्या वर उभी राहिली. जमिनीवर तिची सावली पडली, त्या सावलीला पाच बोटं होती, असं म्हणतात. खुद्द हवालदाराचे दात वाजत होते.

"ए... एक," कारकून कसाबसा म्हणाला.

तेव्हा भिकोबाची विधवा सोनाबाई उठली. तिनं हात वर केला. "दोन म्हणा," ती म्हणाली. मग तिसरा हात, मग दहावा, मग मोजता येईनात इतके. रंगरावाची माणसं ओळखणार तरी कुणाला? त्यांनी तर भीतीनं डोळेच मिटून घेतले होते.

गेनू हवालदार सरपंच झाला. त्याच्या घराला दोनदा आग लागली, दोन्ही वेळा गाव विझवायला धावलं. बाही मात्र पुन्हा कधी उठली नाही.

आता मतदानाला पेटी आली, पडदा आला. पण ग्रामसभेत हात वर करावाच लागतो, आणि आमच्या गावात मोजणी दोनापासून सुरू होते. पहिला हात हवालदाराचा असतो. नवीन ग्रामसेवक दरवेळी चुकतो आणि गाव त्याला हसतं.

गेल्या साली डोंगर खाणीला द्यायचा ठराव आला. खाणवाल्याची माणसं मागं उभी होती. विरोधात कोण, असं विचारल्यावर सभा खाली बघत राहिली. फक्त वालूबाई खरातीण उठली आणि तिनं हात वर केला. सरपंचाचा चेहरा उतरला. पण मोजावं तर लागणारच होतं.

"दोन," तो म्हणाला.