रबरावर बसवलेला रेग्युलेटर

“आणि एवढ्या उंचावर कशाला नेलंस त्याला?” वस्तादांनी विचारलं.

कल्याणी शिंत्रे याच प्रश्नाची वाट बघत होती. जीपचं बॉनेट तिनं मुद्दामच उघडं ठेवलं होतं.

आजऱ्याच्या पलीकडच्या माळावर त्या दिवशी जीपगाड्यांची शर्यत होती. सडकेवरची नव्हे. ओढ्यातून, चिखलातून, खडकांवरून थेट टेकडीच्या माथ्यावर चढायची. सकाळपासून उंच चाकांच्या, झगझगीत रंगांच्या गाड्या येऊन लागत होत्या. त्यांत सगळ्यांत जुनी जीप कल्याणीची. वडिलांच्या गोठ्यामागं ती कैक वर्षं गंजत पडली होती. कल्याणीनं तिचा नट न् नट सोडवला आणि ती पुन्हा उभी केली.

आणि वस्ताद म्हणजे दस्तगीर मुल्ला. गाडीच्या विजेच्या कामात त्या मुलखात त्यांचा शब्द शेवटचा. बारावी झाल्यावर कल्याणी त्यांच्याकडं शिकायला गेली आणि तिथंच रमली. हाताखाली राबता राबता त्यांचा उजवा हात झाली. आता तिला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. जागा ठरली होती, नाव ठरलं होतं, पाटी कोण रंगवणार तेही ठरलं होतं.

अडलं होतं वस्तादांच्या होकारावर. ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

“मागल्या साली काय झालं ते तुम्ही बघितलंय,” ती म्हणाली. “तेव्हा रेग्युलेटर खाली होता, चाकावरच्या पत्र्याला. एका अंगानं सायलेन्सरच्या पाइपची धग, दुसऱ्या अंगानं चिखल. ओढ्यात पाणी आत शिरलं, वायरी जळाल्या आणि मधोमध गाडी बंद.”

“ट्रॅक्टरनं ओढून काढली होती,” वस्ताद म्हणाले.

“ती आठवण नका काढू.”

“बरं.”

“म्हणून आता हा इथं.” तिनं इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, अगदी वरच्या कडेला बोट ठेवलं. बॅटरीकडं जाणारी वीज आवरणारी रेग्युलेटरची ती चौकोनी डबी काळ्या चकचकीत पट्टीवर बसवली होती. पट्टीला आणि डबीच्या पायालाही तिनं भट्टीतला रंग लावून आणला होता. नव्या वायरी जुन्या जागेपासून वरपर्यंत आणल्या होत्या. त्या वेणीसारख्या गुंफलेल्या, जागोजाग बांधलेल्या. एकही वायर लोंबत नव्हती.

वस्ताद वाकले. चष्मा कपाळावर सरकवला.

“धग?”

“लागत नाही.”

“पाणी?”

“पोचत नाही.”

“धक्का?”

“खाली रबर आहे. वर नायलॉनचे वायसर. गाडी दगडावर आपटली तरी त्याला कळणारसुद्धा नाही.”

“कळणारसुद्धा नाही...” वस्ताद पुटपुटले.

कल्याणीला वाटलं, कौतुकच झालं. ती पाटीचा विषय काढणार, तेवढ्यात ते म्हणाले, “चालू कर बघू.”

तिनं किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं. आजूबाजूच्या दोन-चार जणांनी वळून पाहिलं. आवाजच तसा होता, भरलेला, ठाम.

“काटा कुठं आहे?” वस्तादांनी बाहेरून विचारलं.

मधे राहायला हवा असा चार्जिंगचा काटा तिच्या नाकासमोर होता. तरी ती क्षणभर थांबली.

“उजवीकडं.”

“उजवीकडं म्हणजे?”

“...टोकाला.”

वस्ताद बॅटरीजवळ गेले, नाक खाली नेलं आणि चेहरा बाजूला केला. बॅटरीतलं पाणी उकळत असल्याचा तो आंबूस, घशाला लागणारा वास कल्याणीलाही येत होता. आज नव्हे, आठवडाभर येत होता.

“नवी बॅटरी आहे,” ती म्हणाली. “खाते जरा जास्त.”

“रेग्युलेटर बदलून बघितलास?”

“हो. दोनदा.”

“मग?”

“तेही खराब निघाले.”

वस्ताद हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत.

“सगळेच खराब...” ते म्हणाले.

कल्याणीनं इंजिन बंद केलं. तिचे कान तापले होते. आठवडाभरात ती दहा वेळा त्यांच्या दारापर्यंत गेली होती आणि दहा वेळा परतली होती. जिला स्वतःची पाटी लावायची आहे, तिनं ‘वस्ताद, माझा काटा खाली येत नाही हो’ असं कसं विचारायचं? आणि विचारलं असतं, तर होकार मिळाला असता का?

माळावर लाउडस्पीकर खरखरला. गाड्या रांगेत लावायला सांगत होते.

“जाऊ दे आता,” ती खाली उतरत म्हणाली. “शर्यत काही दिवसभराची नाही. तेवढं निभावेल.”

“ओढ्यात निभावेल?”

ती ओढ्याकडं बघू लागली. जादा विजेनं दिवे उडतील, कॉइल जळेल, मग पुन्हा ते पाणी, पुन्हा ती शिट्ट्या मारणारी माणसं. हे तिला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

“वस्ताद, नको म्हणताय का?”

“मी नको म्हटलं?”

त्यांनी तिच्या हत्यारांच्या पेटीतून एक लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. पातं अंगठ्यानं पुसलं.

“वर बस. चालू कर. काट्यावर नजर ठेव, माझ्याकडं बघू नकोस.”

ती बसली. इंजिन पुन्हा लागलं. काटा उडी मारून उजव्या टोकाला गेला आणि तिथंच थरथरत राहिला.

मग... एकदम खाली आला. बरोबर मधे. शांत.

“आला!” ती ओरडली. “मधे आला!”

काटा पुन्हा टोकाला गेला.

“गेला.”

पुन्हा मधे. पुन्हा टोकाला. बाहेर कुणीतरी दार उघडत-मिटत असावं, तसं चाललं होतं. तिला राहवलं नाही. इंजिन चालूच ठेवून ती खाली उडी मारून समोर आली.

वस्ताद निवांत उभे होते. स्क्रूड्रायव्हरची दांडी रेग्युलेटरच्या पायातल्या स्क्रूच्या डोक्याला टेकलेली, पातं इंजिनाच्या एका उघड्या नटावर.

“काय केलंत तुम्ही?”

“काही नाही. दोघांची ओळख करून दिली.”

त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

कल्याणी त्या डबीकडं बघत राहिली. खाली रबर. वर नायलॉन. चहूबाजूंनी भट्टीतला जाड रंग. इतक्या निगुतीनं तिनं त्याला बसवलं होतं की गाडीच्या लोखंडाचा त्याला कुठंच स्पर्श नव्हता. त्याला ‘अर्थ’च, म्हणजे विजेची परतीची वाटच, मिळाली नव्हती. आणि गाडीच्या अंगाला टेकल्याशिवाय रेग्युलेटरला वीज किती झाली ते कळतच नाही. त्याला कळत नाही म्हणून तो अडवत नाही. तो अडवत नाही म्हणून अल्टरनेटर बेफाम वीज ओततो आणि बॅटरी उकळते.

गॅरेजात नवा कुणी शिकायला आला की पहिल्या दिवशी ती त्याला हेच सांगायची. आधी अर्थ बघ, मग बाकीचं.

“मी...” तिनं सुरुवात केली.

वस्ताद लांब टेकडीकडं बघत होते. त्यांना तिचं ऐकायचं नव्हतं असं नाही. तिनं ते म्हणायची गरज नव्हती.

पहिल्या गाडीला निशाण पडलं. लोक आरडाओरडा करत ओढ्याकडं धावले.

“रबर काढून टाक,” वस्ताद म्हणाले. “पत्र्यावर थेट कस. पाच मिनिटांचं काम आहे.”

तिनं पाना उचलला. पहिल्या नटाला लावला. आणि तिचा हात थांबला.

ओढ्यानंतर खडक होते. माणसाच्या कमरेएवढे. या जुन्या डबीच्या आत बारीक, उघडझाप करणारे पॉइंट असतात. चाक आपटलं की ते नाचणार, काटा नाचणार, इंजिन अडखळणार. रबर तिनं उगीच घातलं नव्हतं.

“नाही, वस्ताद.”

आजवर ती त्यांना बऱ्याचदा नाही म्हणाली होती. प्रत्येक वेळी आवाज चढायचा. या वेळी चढला नाही.

“रबर राहू दे,” ती म्हणाली. “धक्क्यापासून ते वाचवतंच. चूक रबराची नाही. मी त्याला वाट ठेवली नाही.”

वस्तादांनी भुवया उंचावल्या.

ती कामाला लागली. जाड विणीची तांब्याची एक वायर शोधली, दोन्ही टोकांना थिंबलच्या टोप्या दाबून बसवल्या. मग पॉलिश पेपर घेतला आणि आपल्याच हातानं, ज्या काळ्या रंगावर ती कुणाला बोटही उमटवू देत नव्हती, तो रेग्युलेटरच्या पायावरून घासू लागली. रंगाचे पापुद्रे उडाले. खालून लोखंड उघडं पडलं, पांढरं, लखलखीत. वायरीचं एक टोक तिथं कसलं.

दुसरं टोक तिनं जवळच्या पत्र्याला लावलं नाही. ते खाली नेऊन थेट अल्टरनेटरच्या अंगाला कसलं. जिथून वीज निघते तिथंच. आणि मधे वायर थोडी सैल सोडली, इंजिन हललं तरी तुटू नये म्हणून.

सुंदर दिसत नव्हतं. सगळ्या नीट गुंफलेल्या वायरींच्या शेजारी ती एक वायर पोट सुटल्यासारखी लोंबत होती.

तिनं किल्ली फिरवली.

काटा उजवीकडं गेला... आणि हळूच मधे येऊन बसला. तिनं इंजिनाचा वेग वाढवला. काटा मधेच. दिवे लावले. मधेच.

वस्तादांनी ती सैल वायर बोटानं एकदा उचलून बघितली, सोडून दिली. मग त्यांनी दोन्ही हातांनी बॉनेट खाली घेतलं आणि स्वतः खटके लावले.

तिचं नाव पुकारलं गेलं.

ओढ्याला पाणी चांगलंच होतं. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. गढूळ लोंढा दगडांवर आपटत होता. कल्याणीनं गाडी उतरवली. पाणी चाकांवर आलं, दिव्यांवर आलं, बॉनेटच्या कडेवरून आत उसळलं. मागच्या वर्षी गाडी थांबली होती ती जागा आली. तिनं श्वास धरला. काट्याकडं बघितलं.

मधे.

गाडी पुढं सरकली. समोरच्या काठाचा चिखल चाकांनी ओरबाडला, मागं फेकला आणि जीप नाक वर करून बाहेर आली. तिच्या तोंडून किंकाळी फुटली. बाई, गाडी, इंजिन, सगळ्यांची मिळून एकच.

मग खडक. एक चाक हवेत, दुसरं खळग्यात. जीप एवढ्या जोरात आपटली की कल्याणीचे दात एकमेकांवर आदळले. इंजिन अडखळलं नाही. ती दर आपटीला हसत होती. आपण हसतोय हे तिला माथ्यावर पोचल्यावरच कळलं.

वर निशाण घेऊन उभा असलेला माणूस हातवारे करून खालच्यांना काहीतरी सांगत होता. मग माळावरून आवाज उठला आणि तिला समजलं. तिच्याएवढ्या कमी वेळात कुणीच वर आलं नव्हतं. शेवटपर्यंत आलंही नाही.

खाली उतरली तेव्हा कुणीतरी तिच्या डोक्यावर मूठभर गुलाल टाकला. वडील गर्दीत कुठंतरी शिट्टी वाजवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच वाजवत असावेत, आवाजच निघत नव्हता. जीपच्या बॉनेटवरून चिखल ओघळत होता. लोक हात मिळवत होते, फोटो काढत होते. एक जण विचारत होता, गॅरेज कुठं आहे तुमचं?

ती वाट काढत वस्तादांपाशी आली.

ते होते तिथंच उभे होते.

“वस्ताद...”

त्यांनी तिच्याकडं बघितलं. गुलाल, चिखल, घाम.

“ती पाटी...” ती म्हणाली आणि पुढचं तिला सुचेना. सकाळी ओठावर असलेलं सगळं बोलणं कुठं गेलं कुणास ठाऊक. “तुम्ही म्हणाल तेव्हा लावीन. घाई नाही.”

ओढ्याकडून ओरडण्याचे आवाज आले. शेवटची आलेली एक लाल गाडी पाण्याच्या मधोमध थांबली होती. आतला पोरगा छताला धरून उभा होता आणि काठावरचे लोक नुसतेच हात हलवत होते.

वस्तादांनी तिकडं बघितलं. मग दोन पावलं मागं सरकून तिला जायला वाट करून दिली.

“गाडी अडकलीय,” ते म्हणाले. “निघताय ना, वस्ताद?”