मुका गोंधळ

हिवरटेकावर वाघजाईच्या देवळात तुळईला एक तुणतुणं टांगलेलं दिसतं. त्याला तार नाही. आत जाताना माणसं मान वाकवतात ती देवीसाठी की त्याच्यासाठी, हे आता कुणी सांगू शकत नाही.

ते तुणतुणं लिंबाजी गोंधळ्याचं, असं सांगतात. त्याच्या तारेवर सूर धरून बाकीची तुणतुणी आणि किंगऱ्या लागायच्या. पुढं पटकीच्या साथीत लिंबाजी गेला, त्याच्याबरोबर मेळातली बरीच माणसं गेली आणि गोंधळ थांबला. गाणी उरली ती फक्त त्याच्या लेकीपाशी, चिमाईपाशी. बापाच्या मांडीला टेकून ऐकलेली. तिनं देवीला शब्द दिला, म्हणे, की गोंधळ पुन्हा उभा राहून तुझ्या दारी गाणं होईपर्यंत मीठ खाणार नाही.

वर्षामागून वर्षं तिनं अळणी भाकरी खाल्ली. घरोघर जाऊन माणसं गोळा केली, माळ्यावरच्या किंगऱ्या उतरवून पुसल्या. जत्रेच्या दिवशी दुपारी मेळ बसला. चुलत्यानं, गेनबानं, लिंबाजीच्या तारेवर बोट मारलं आणि सगळ्यांनी आपली वाद्यं त्या सुराला लावली.

चिमाईनं तोंड उघडलं, पण गाणं येईना. इतक्या पावसाळ्यांत खुंटी आपसूक सैलावून तार उतरली होती. तिचे शब्द बापाच्या सुराला बांधलेले होते. सूर हलला, तसे तेही हलले.

“अळणी खाऊन गळाबी अळणी झाला जणू,” मागून कुणीतरी हसलं.

“काका, तार उतरलीय. खुंटी पिळा.”

“पोरी, मेलेल्याची खुंटी जित्यानं फिरवायची नसती.”

“मग मेलेल्यालाच बोलवा सुराला!”

गेनबानं तुणतुणं खाली ठेवलं. तेव्हा तिनंच उठून खुंटी पिळली. गंजलेली तार तटकन तुटली.

आता बापाचा सूर कुठंच नव्हता. कानात राहिला तो उतरलेला, आणि मेळानं तोच वाजवला. चिमाई देवीसमोर बसून नुसते ओठ हलवत राहिली. ऐकू नाही आलं, तरी देवीला निदान दिसावं. तिची लाज झाकावी म्हणून शेजारच्या बायकाही ओठ हलवू लागल्या. ती अळणी खातच गेली, असं सांगतात.

आजही जत्रेत किंगऱ्या त्याच खालच्या सुरात वाजतात आणि बायका देवीपुढं बसून ओठ हलवतात. नैवेद्याला मीठ नसतं. अलीकडं शहरातली मंडळी यंत्रं घेऊन येतात. गोंधळ पुन्हा जिवंत करायचाय म्हणतात, गाण्याचे बोल विचारतात. बायका एकमेकींकडं बघतात. बोल कुणालाच ठाऊक नाहीत. ओठ कसे हलवायचे, एवढंच आईनं लेकीला शिकवलेलं असतं.