पिटुकली फुली

बाळांनो, टेंभुर्ली गावाच्या कडेला एक रोपवाटिका होती. वर गुलाबी, केशरी, जांभळी फुलंच फुलं, आणि खाली घोटाभर चिखल! त्या चिखलात कस्तुरीची आई दिवसभर रोपांना पाणी घालायची. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या. संध्याकाळी ती त्यांवर मेंदी लावायची आणि म्हणायची, "बघ, कशी नवरी दिसते मी!" कस्तुरी हसायची, आणि पाठ फिरवून डोळे पुसायची. तिला आईसाठी पिवळे गमबूट हवे होते. दुसरं काही नको होतं.

कस्तुरी होती अकरा वर्षांची. आईच्या तडा गेलेल्या फोनवर, आपलं आपण शिकून, तिनं एक खेळ बनवला होता. गोगी नावाची इवलीशी गोगलगाय दवाचे थेंब पीत पीत जाते, आणि जिथून जाते तिथली कळी टपकन उमलते. अशा एकापुढे एक सात बागा.

एका सकाळी वाटेवर खरीखुरी गोगलगाय दिसली. समोरून कुंड्यांची ढकलगाडी येत होती. कस्तुरीनं गोगलगाय अलगद उचलून तेरड्याच्या पानावर ठेवली. तोच शंखातून रुपेरी उजेड सांडला आणि करंगळीएवढी परी बाहेर आली. साबणाच्या फुग्यासारखे तिचे पंख, क्षणात निळे, क्षणात गुलाबी.

"माझं घर वाचवलंस, सोन्या," परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण नियम दोन आहेत हं. मागितलेलं परत करता येत नाही, पुढच्या इच्छेनंच बदलता येतं. आणि तुझ्या इच्छेपायी कुणी रडलं अन् तू गप्प बसलीस, तर माझ्या पंखांचे रंग जातील."

"माझा खेळ सगळ्यांच्या फोनवर जाऊ दे," कस्तुरी म्हणाली. "आत यायचे दहा रुपये."

"तथास्तु."

खेळ गेला सगळीकडे, पण आत कुणीच येईना. शाळेतली मुलं बाहेरचं चित्र बघत आणि म्हणत, "आत काय आहे कुणास ठाऊक! दहा रुपयांची कुल्फी तरी दिसते." खरंच आहे ते. मी दुकानदार माणूस. दारातच पैसे मागितले की गिऱ्हाईक पायातली चप्पलसुद्धा काढत नाही.

मग कस्तुरी परीकडे गेली. "खेळ फुकट कर. मधे मधे जाहिराती घाल. जाहिरातीवर बोट पडलं की जास्त पैसे मिळतात ना?"

"मिळतात."

"मग जाहिरात बंद करायची जी फुली असते ना, ती लहान कर."

"केवढी?"

कस्तुरीनं मान खाली घातली. "तिळाएवढी."

परीनं पंख मिटून घेतले. मग हळूच म्हणाली, "तथास्तु."

आमच्या पेठेत एका कापडवाल्यानं दुकानासमोर ताशेवाला बसवला होता. गर्दी म्हणजे काय गर्दी! पण गिऱ्हाइकानं परकर मागितला की ऐकू न आल्यानं शेठजी धोतर काढायचे. कस्तुरीच्या बागेत तसंच झालं. गोगी दोन थेंब प्यायली की साबण, चार थेंब प्यायली की मोटारगाडी! पण पैसे आले, आणि पिवळेधमक गमबूटही आले. आई ते घालून अंगणात ठुमकली. "राणीचे पाय गं माझे!"

दुसऱ्या दिवशी दगडूआजोबा दारात उभे. एसटी स्टँडवर पेरू विकणारे हे आजोबा. बरोबर पाच वर्षांची नात, छबू. तिनं उजवा अंगठा मुठीत लपवला होता.

"कस्तुरे, पोरी, रागावू नगंस," आजोबा म्हणाले. "आमच्या छबीनं तुझा खेळ मोडला. किती सांगितलं नीट दाब म्हणून. ती दाबती आन् भलतंच उघडतंय. रिचार्ज संपला समदा. तिच्या बापाला फोन करायचा हुता, लागलाच न्हाई. पण ते ऱ्हाऊ दे. तुझा खेळ दुरुस्त हुईल न्हवं?"

"मी हळूच दाबलं होतं," छबू हुंदका देत म्हणाली. "माझा अंगठाच वाईट हाय."

कस्तुरीचे कान तापले. खरं बोलणं घशापर्यंत आलं. पण कोपऱ्यात गमबूट चकाकत होते, आणि तिच्या तोंडून निघालं, "असू दे, आजोबा."

असू दे! जणू माफी तिनंच द्यायची होती.

"ताई किती चांगली हाय," छबू म्हणाली.

 त्या दिवशी आई बुटांकडे बघून हसली की कस्तुरीला वाटे, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं.

सकाळी तेरड्याच्या पानावर परी बसली होती. पंख राखेच्या रंगाचे. तिला उडताही येत नव्हतं.

"एक इच्छा उरली आहे," परी म्हणाली. "म्हणशील तर सगळे सगळं विसरतील. छबू, आजोबा, तूसुद्धा."

किती सोपं! कस्तुरीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. मग थांबली. "पण फुली तेवढीच राहील?"

"तेवढीच. इच्छा एकच आहे ना."

"म्हणजे छबू उद्या पुन्हा रडेल."

"आणि तुला कळणारही नाही," परी म्हणाली.

कस्तुरी धावत सुटली. स्टँडवर, पेरूच्या टोपलीपाशी, चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "छबू, तुझा अंगठा चांगला आहे गं. फुली मीच लहान केली होती. लहान मुलांचे अंगठे चुकावेत म्हणून. मुद्दाम."

"बघा, एवढीशी पोर आन् डोकं केवढं!" एक बाई म्हणाली.

आजोबांनी सुरी खाली ठेवली. "मुद्दाम? आन् मी तुझी माफी मागत हुतो." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

छबूनं मूठ उघडली. अंगठा उलटसुलट करून बघितला. "म्हंजी मी मोडला न्हाई?"

"नाही, राणी."

आजोबांनी पेरूची फोड कापली, तिखटमीठ लावलं आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली. मग कस्तुरीकडे न बघताच बोलले, "चाळीस वर्सं झाली. आधी फोड, मग पेरू. आवडला तर घ्या, न्हाई तर राम राम. आन् फोड त्याच टोपलीतली पायजे."

कस्तुरीनं ते ऐकलं. तिनं छबूचा अंगठा ओल्या मातीत बुडवून कागदावर उमटवला आणि तो कागद परीपुढे धरला. "पहिल्या तीन बागा सगळ्यांना मोकळ्या. जाहिरात एकही नको. गोडी लागली तर पुढच्या चार बागा एकदाच विकत घ्याव्यात. आणि खेळात जे जे दाबायचं, ते या अंगठ्याएवढं हवं."

"तथास्तु," परी म्हणाली. पंखांवर निळ्या रंगाची एकच रेघ उमटली.

कस्तुरीनं आईला सगळं सांगितलं. गमबूट धुऊन तिनं खुंटीला लटकवले. "आजोबांचा रिचार्ज भरून झाला की घालीन," म्हणाली, आणि मेंदीची वाटी जवळ ओढली. ती मेंदी लावताना कस्तुरीनं पाहिलं, आणि तोंड फिरवलं नाही.

पैसे आले, पण गोगलगाईच्या चालीनं. आधी आजोबांचा रिचार्ज भरला. मग एका सकाळी आजोबा छबूला घेऊन रोपवाटिकेत आले आणि दहाची नोट पुढे केली. "छबीला चार बागा पायजेत."

"तुमच्याकडून नको, आजोबा."

"का गं? फोड आवडली आमच्या पोरीला." त्यांनी नोट कस्तुरीच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

तोच तेरड्याच्या पानावर परीच्या पंखांतून निळं, हिरवं, गुलाबी, सोनेरी तेज उसळलं. प्रत्येक दवबिंदूत एकेक परी चमकली, मग सगळ्या मिळून एकच लख्ख उजेड झाला आणि उन्हात मिसळून गेला. उजेड ओसरला तेव्हा आई पिवळे गमबूट घालून चिखलात उभी होती, आणि छबू तिच्या बुटांवर पाणी उडवत होती.

कस्तुरीनं मूठ उघडली. तिच्या अंगठ्यावर त्या फुलीएवढा, तिळाएवढा काळा ठिपका उमटला होता. दुखत नव्हता, आणि तिनं तो कधी पुसून बघितला नाही.