गोजराबाईची चिंधी

देवडी आळीच्या तोंडाशी लाल चिंध्या गुंडाळलेला एक बुटका दगड दिसतो. त्याच्यापुढे नारळ फोडत नाहीत. फोडण्याचाही आवाज होतो ना! पाहुण्यांनी विचारलं, की आळीतल्या जुन्या बायका हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात, ती हकिकत अशी.

फार मागे कापसाच्या बाजाराचा गाडीरस्ता या आळीतूनच जाई. दिवेलागणीला गाड्या सुटत. बैलांच्या गळ्यात घंटा, चाकांना घुंगरं, वर शर्यती. घरातलं बोलणं घरात ऐकू येत नसे. अशाच एका सांजेला दरोडेखोरांनी गोजराबाईच्या नवऱ्याला उंबऱ्यावरच कोयत्यांनी तोडलं. घसा फाटेस्तोवर ती ओरडली. भिंतीपलीकडे शेजारी भाकरी खात होते म्हणे. त्यांना घंटाच ऐकू आल्या.

गोजराने देवीपुढे नेम धरला: आळीत घंटा मुक्या होईपर्यंत अळणी खाईन. पुढच्या बाजाराला तिने लग्नातला लाल शालू फाडला आणि घंटा बांधून मुक्या करायला चिंध्या घेऊन रस्त्यात उभी राहिली.

पहिली गाडी सटवा नाईकाची. त्याची लेक तुळसा याच आळीत दिलेली, तरी तो हसला. "अगं बाई, घंटा बांधल्या तर वाघाला काय गाणं म्हणून हाकलू?"

"रानात वाजवा की दादा. माणसांच्या दारात तेवढ्या बांधा."

"सरक, नाहीतर चिरडली जाशील!" म्हणत त्याने आसूड ओढला. बैल उधळले, चाक तिच्या छातीवरून गेलं. पडता पडता तिने धरलेली घंटा तुटून रक्ताळल्या मुठीत राहिली.

असं सांगतात, की ती घंटा मुकी झाली आणि तिच्याबरोबर साऱ्या गाड्यांच्या साऱ्या घंटा. बैल जागीच थबकले. त्या शांततेत शेवटच्या घरातून किंकाळी आली, "बाबाऽऽ!"

तेच दरोडेखोर, त्याच गलक्याच्या आडून, तुळसाच्या घरात शिरले होते. सटवा कुऱ्हाड घेऊन धावला, मागे सगळे गाडीवान. ओसरीत रक्ताचा चिखल झाला. दरोडेखोरांतला एकही पुन्हा उठला नाही. तुळसाचा हात कोपरापासून गेला, पण पोर जगली.

सटवा परत आला तेव्हा गोजराची धुगधुगी होती. "ऐकू आली ना लेक?" एवढंच तिने विचारलं आणि मान टाकली. तिच्या पदरातल्या चिंध्या घेऊन सटवाने रडत रडत एकेक घंटा बांधली.

ती पडली तिथेच हा दगड. आजही ट्रकवाले इथे हॉर्नला हात लावत नाहीत. वरातसुद्धा बँड थांबवून जाते. कुणा नवख्याने चुकून हॉर्न वाजवलाच, तर बायका त्याला शिव्या देत नाहीत. गाडी थांबवून गूळपाणी देतात, हातात लाल चिंधी ठेवतात आणि म्हणतात, "थांब रे बाबा जरा. कुणी हाक मारतंय का, ऐक."