उष्टं डाळिंब

एका राज्यात, ज्याचं नाव जुन्या लोकांनी घेतलं नाही म्हणून आपणही घेऊ नये, चंद्रकेतू नावाचा राजा होता आणि तो हळूहळू लाकडाचा होत चालला होता. पहिल्या वर्षी त्याची पावलं लाकडाची झाली, दुसऱ्या वर्षी गुडघे, तिसऱ्या वर्षी कंबर. वैद्यांनी हात टेकले. रोग जडला त्याच वर्षी कालदत्त मांत्रिक पुढे झाला होता आणि म्हणाला होता, "महाराज, मुदपाकखान्यामागच्या परसात डाळिंबाचं झाड आहे. त्याला वर्षाला एकच फळ धरतं. पाखराची चोच न लागलेलं ते फळ आपल्या मुखी पडेल, त्या दिवशी रोग जाईल."

पण तिन्ही वर्षं फळ पिकण्याच्या दिवशीच पाखरानं त्याला भोक पाडलं. राजाला उष्टं कसं द्यायचं? ते फळ दर वर्षी खड्ड्यात पुरलं गेलं. राखण चुकलेल्या माळ्यावर कालदत्त चिमूटभर राख टाकी आणि माळ्याचं बुजगावणं होई. परसात अशी तीन बुजगावणी उभी होती. पहिलं म्हाताऱ्या माळ्याचं, दुसरं त्याच्या भावाचं आणि तिसरं सुभानजीचं.

गजराबाई ही सुभानजीची बायको. बाई कामाला वाघीण, पण स्वभाव विलक्षण संशयी. दूध घरात आलं की आधी बोट बुडवून बघणार. पाहुणा आला की तो खरंच पाहुणा आहे ना, हे त्याच्या चपलांवरून ताडणार. नवरा बुजगावणं झाला त्या सकाळी तो तिला एवढंच सांगून गेला होता, "फळ पाखरानं फोडलं. पण मी जागा होतो." त्यावर ती म्हणाली होती, "जागे कसले! डुलकी लागली असणार तुम्हाला." हेच त्यांचं शेवटचं बोलणं. वर्षभर ती रोज त्याच्या गवती खांद्यावरची धूळ झटकत होती आणि ते वाक्य मनात उगाळत होती.

चौथ्या वर्षी राखणीला कोणी पुढे येईना. तेव्हा गजराबाई दरबारात उभी राहिली.

"महाराज, राखण मी करते. फळ अखंड राहिलं तर माझा धनी मला परत द्यावा."

"दिला," राजा म्हणाला.

"आणि नाही राहिलं, तर चौथा बांबू तयार आहे," कालदत्त म्हणाला. "तीन आठवडे आहेत, बाई. पहिल्यात साळुंकी येईल, दुसऱ्यात कावळा, तिसऱ्यात राघू. तिघांना हाकल."

बाईनं मान डोलावली. पण मनात म्हणाली, पाखरांचा येण्याचा दिवस याला कसा ठाऊक? पाखरं काय याला विचारून निघतात?

पहिल्या आठवड्यात तिनं बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बांधल्या. तिसऱ्या दिवशी साळुंकी आली आणि कुंपणावर बसून म्हणाली, "बाई, वाट दे. डाळिंबाला चोच लावायची आहे."

"भूक लागली असेल तर शेजारी पेरू लगडला आहे. तो खा."

"पेरूपाशी आमचं काम नाही."

काट्यांतून वाट मिळेना, तेव्हा साळुंकी उडून गेली. गजराबाई पेरूच्या झाडाकडे बघत राहिली. पिकून पिवळे झालेले पेरू आणि एकालाही चोच नाही. राज्यात पाखरं उपाशी होती, हे तर पोरंसोरंही जाणत होती. पूर्वी प्रत्येक परसात शेंड्यावरची फळं पाखरांसाठी सोडायची रीत होती. कालदत्त आला, पाखरांचं उष्टं अन्न म्हणजे राज्याला बट्टा असं त्यानं राजाच्या मनात भरवलं आणि घरोघरी झाडांवर जाळी चढली. एवढ्या भुकेल्या पाखरांनी उघडा पेरू सोडून बांधलेलं डाळिंब का मागावं?

दुसऱ्या आठवड्यात तिनं गोफण घेतली. कावळा काट्यांतली फट हेरून आला तो थेट फळाच्या रोखानं. पहिला दगड त्याच्या पंखाजवळून गेला तसा तो भिंतीवर बसला.

"एकच भोक पाडू दे. दाणा एकही खाणार नाही."

"कावळा आणि खाणार नाही? हे कोणाला सांगतोस?"

"गेल्या तीन वर्षांत आम्ही एक तरी दाणा खाल्ला का? आठव."

बाईनं दुसरा दगड मारला आणि कावळा गेला. पण तिला आठवलं. पुरताना तिनंही ते फळ पाहिलं होतं. एक भोक, आणि आत दाणे जसेच्या तसे. तिनं त्या दिवसापासून कालदत्तावरही डोळा ठेवला. तो रोज सकाळी येई, राजाची नाडी न बघता आधी डाळिंबाची चौकशी करी, आणि झाडाच्या सावलीत मात्र पाऊल टाकत नसे. सावली पुढे सरकली की तो मागे सरके.

तिसऱ्या आठवड्यात बाईनं काटे बाजूला करून फळाला जाड फडकं गुंडाळलं आणि वर गाठ मारली. फडकं गेल्या वर्षीचंच होतं, सुभानजीनं बांधलेलं. एकविसाव्या दिवशी सूर्य डोक्यावर आला, फळ पिकलं आणि राघू येऊन सुभानजीच्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसला.

"गाठ सोड, बाई."

"का सोडू?"

"फळात मांत्रिकाचा शाप कोंडलेला आहे. अखंड फळ राजानं खाल्लं तर राजा पुरता लाकूड होईल आणि सिंहासन कालदत्ताचं. चोचीनं भोक पडलं की शाप निघून जातो. मग तेच फळ औषध. तो राजा झाला तर जाळी कधीच उतरणार नाहीत, म्हणून आम्ही तिघं दर वर्षी याच आठवड्यांत येतो."

"राघू शिकवाल ते बोलतात. तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. गेल्या वर्षी मी तुझ्या धन्याला हेच सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडली. दरबारात सांगायला गेला, पण तोंड उघडण्याआधी राख पडली."

गजराबाईचा अर्थातच विश्वास बसला नाही. तिनं फळावरचं फडकं चाचपलं. बोट बोट करून सगळीकडून पाहिलं. चोचीनं फाडलं असतं तर फडक्याला भोक हवं होतं. एकही नव्हतं. वर्षभर हे फडकं तिच्या घरात घडी करून ठेवलेलं होतं आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर संशय घेणाऱ्या या बाईनं नेमकं तेच कधी निरखून पाहिलं नव्हतं! गाठ माणसाच्या बोटांनी सुटली होती. म्हणजे तो जागाच होता.

तेवढ्यात राजाचा मेणा परसात आला. बरोबर कालदत्त होता.

"फळ अखंड आहे," तो म्हणाला. "उतरव."

"उतरवते. पण आधी एक दाणा तुम्ही खावा, मांत्रिकमहाराज."

"मी व्रतस्थ आहे."

"मग निदान सावलीत तरी या."

कालदत्त मागे सरला. बाईला एवढं पुरे होतं. तिनं गाठ सोडली, फडकं खाली टाकलं आणि म्हणाली, "ये, राघू."

"उष्टं! राजाचं औषध उष्टं केलं!" कालदत्त ओरडला आणि त्यानं राख फेकली. गजराबाईच्या पावलांचं गवत झालं. राघूनं चोच मारली. भोकातून करपल्या दुधाचा वास सुटला आणि काळा धूर निघाला. तो इकडेतिकडे न भटकता सरळ कालदत्ताच्या अंगरख्यात शिरला, कारण तो त्याच्याच घरचा होता आणि या वर्षी मालक समोरच उभा होता. कालदत्त जागच्या जागी खिळला. पण बाईच्या अंगातलं गवत थांबेना. ते गुडघ्यांपर्यंत चढलं.

तिनं फळ तोडून राजापुढे धरलं. "खावं, महाराज."

राजानं भोकाकडे पाहिलं. "राजानं पाखराचं उष्टं खावं?"

"आमच्या घरात मुलांना राघूनं चोच मारलेलाच पेरू शोधून देत. तो गोड निघतो, आणि पाखरू जगलं म्हणजे फळात विष नाही हेही कळतं. संशयी माणसाला याहून चांगली पारख नाही." गवत कंबरेला लागलं होतं. "आणि कंबरेपर्यंत लाकूड झालेल्यानं उष्ट्याचा विचार किती करावा?"

राजानं राघूकडे पाहिलं. तो सुभानजीच्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसून पिसं साफ करत होता. राजानं फळ फोडलं आणि मूठभर दाणे तोंडात टाकले.

पहिल्या घासाला राजाची कंबर वळली, दुसऱ्याला गुडघे वाकले, तिसऱ्याला पावलांत मुंग्या आल्या. राजा मेण्यातून उतरून उभा राहिला. गजराबाईचे पाय पुन्हा पाय झाले. म्हाताऱ्या माळ्यानं आळस दिला, त्याचा भाऊ शिंकला. कालदत्ताच्या बाह्यांतून मात्र गवत बाहेर आलं आणि चौथा बांबू त्याच्याच पाठीला लागला. त्याच दिवशी राजानं घरोघरची जाळी उतरवायला लावली आणि शेंड्यावरची फळं पुन्हा पाखरांची झाली.

सुभानजी डोळे चोळत बायकोसमोर आला. ती दोन पावलं मागे सरली. तिचे डोळे भरून आले होते, पण स्वभाव कुठे जातो?

"तुम्ही तेच कशावरून? मी तुम्हाला शेवटचं काय म्हणाले होते, सांगा."

"डुलकी लागली असणार, म्हणालीस."

गजराबाईनं खालचं फडकं उचललं, त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या खांद्यावरची गवताची काडी झटकली.

"नव्हती लागली," ती म्हणाली. "मला कळलं. जरा उशिरा कळलं."

"चल, भूक लागली आहे," सुभानजी म्हणाला.

जशी गजराबाईची शंका फिटली, तशी ऐकणाऱ्याचीही फिटो, आणि त्याच्या घरच्या माणसाला वर्षभर ताटकळत ठेवण्याआधी फिटो.