मागच्या सीटचा नियम

"आनि माघारी येताना मागं कोन बसनार?" हेमगिरी बुवांनी विचारलं.

तेजलनं गाडीकडं बघितलं.

उतारावर कोणता गिअर, ब्रेक आधी पुढचा की मागचा, वळणावर हॉर्न कधी... बुवा असलं काहीतरी विचारतील, म्हणून ती सगळी उजळणी करून आली होती. या प्रश्नाची उजळणी तिनं केली नव्हती.

घाटमाथ्यावरचा गोसाव्यांचा मठ म्हणजे पत्र्याची दोन छपरं, एक धुनी आणि धुनीशेजारी जमिनीत रोवलेला त्रिशूळ. मठापुढून रस्ता वळतो आणि एकदम कोकणात उतरायला लागतो. आसपासच्या वाड्यांची एक रीत होती. घरात कुणी मोटारसायकल शिकायला लागलं, की पहिल्यांदा घाट उतरण्याआधी किल्ली मठात आणून त्रिशूळाला अडकवायची. बुवांकडे पक्कं लायसन होतं. ते शिकणाऱ्याच्या मागं बसत, पहिल्या वळणापर्यंत जाऊन येत, आणि मनाला आलं तर किल्ली हातात देत. नाही आलं, तर किल्ली परत त्रिशूळाला. कुणी वाद घालत नसे. आमदाराच्या पुतण्याची किल्ली म्हणे सबंध पावसाळा तिथं गंजत होती.

तेजलच्या वडिलांनी सकाळीच त्यांची साडेतीनशे सीसीची गाडी आणून जांभळीखाली लावली होती, किल्ली अडकवली होती आणि दुधाच्या टेम्पोत बसून ते परत गेले होते. तेजल मागाहून चालत आली. पुढच्या नंबरप्लेटवर शिकाऊचा लाल एल तिनं स्वतः चिकटवला होता. तिरका लागला म्हणून दोनदा काढून.

"बोल की," बुवा म्हणाले.

"आई बसेल," ती म्हणाली.

"शिकाऊ लायसनवर?"

तेजलनं मान खाली घातली. नियम तिला पाठ होते. तिच्या वर्गातली मुलं शिकाऊ लायसनच्या परीक्षेत खुणांच्या पाट्यांवर अडखळली होती. हिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं, आणि ते तिनं इथं येताक्षणी बुवांना सांगूनही टाकलं होतं.

"सांग, नियम काय हाय."

"शिकाऊ असताना मागे फक्त शिकवणारा बसू शकतो. पक्कं लायसन असलेला. दुसरं कुणीही नाही."

"तुझ्या आईकडं हाय लायसन?"

"आईला सायकलसुद्धा येत नाही."

बुवांनी धुनीतलं लाकूड आत सरकवलं. ठिणग्या उडाल्या तशी तेजल दचकून मागं सरली.

"मग पक्कं होईतवर थांब."

"झालं असतं," ती घाईनं म्हणाली. "परवा परीक्षा होती. आठ काढायचा असतो, इंग्रजी आठ, पाय न टेकवता. मी काढला होता जवळजवळ. साहेबांनी शिट्टी मारली. मी दचकले... पाय टेकला."

"तुला मारली शिट्टी?"

"नाही. पलीकडे एक जण रिक्षा उलटी आणत होता, त्याला."

बुवांच्या मिशा हलल्या. हसले असतील. नसतीलही.

"आता पुन्हा परीक्षा पुढच्या आठवड्यात. आणि आई सोमवारी जाणार." तेजलचा आवाज बारीक झाला. "मामांनी तिला सुरतेला बोलावलंय. कायमचं."

बोलायला लागली तशी ती थांबेना. सात वर्षांपूर्वी आईवडिलांचं बिनसलं आणि आई घाटाखाली माहेरी गेली. तिथं ती शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवते. ती गेली त्या दिवशी तेजल यष्टीच्या खिडकीखाली उभी होती. अकरा वर्षांची. म्हणाली होती, मी मोठी झाले की तुला न्यायला येईन, गाडीवरून. आई खिडकीतून म्हणाली, ये.

एवढंच म्हणाली. ये.

सोळाव्या वर्षी तिला कुठंतरी वाचायला मिळालं, की सोळा पूर्ण झाली की पन्नास सीसीच्या आतली, बिनगिअरची गाडी चालवता येते. वडिलांची सही लागते. ती कागद घेऊन वडिलांकडं गेली होती. वडील कागद वाचून म्हणाले, पन्नास सीसीनं घाट चढत नाही बाई. थांब. घाटाचं तिनं काही सांगितलंच नव्हतं. पण तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं नाही. ती थांबली. अठरा होण्याची वाट बघत राहिली. वाट बघताना तिनं वडिलांच्या गाडीबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं.

"दोन वर्षं नुसती बघत होते मी तिच्याकडे," तेजल म्हणाली. "उभी असली तरी हात लावायला भीती वाटायची."

"गाडीकडं, का आईकडं?"

ती गडबडली. "गाडीकडे."

"यष्टी जाती की खाली. सकाळी एक, दुपारी एक."

"यष्टीनं मी मे महिन्यात जाते, बुवा. भेटून येते. भेटता येतं... आणता येत नाही."

पत्र्यावर जांभळीचं पान पडलं. खाली दरीत धुकं अजून तसंच होतं, आणि धुक्याखाली कुठंतरी ते गाव होतं. तेजलला इथून ते कधीच दिसलं नव्हतं. तरी ती प्रत्येक वेळी बघायची.

"तिला इचारलंस?"

"काय?"

"येतीस का म्हणून."

"...नाही."

"फोन असंल की तिच्याकडं."

"आहे. रविवारी करते ती. जेवलीस का विचारते. मी जेवले म्हणते. मग ती विचारते, काय केलं होतंस. मी सांगते. मग ती म्हणते, बरं, ठेवू?"

"मग?"

"मग मी म्हणते, ठेव."

बुवांनी हातातली काडी मोडून धुनीत टाकली. मग काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "ही गाडी किती ताकदीची, म्हनालीस?"

तेजलच्या जिवात जीव आला. याचं उत्तर तिच्याजवळ होतं. "वीस बीएचपी. थोडी जास्तच."

"मंजे?"

"वीस घोड्यांची ताकद."

"वीस घोडं," बुवा म्हणाले. "आनि तुझा एक शबूद वढंना त्यास्नी."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठून जावं असं वाटलं. पण किल्ली त्रिशूळावर होती.

बुवाच उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी त्रिशूळावरची किल्ली काढली आणि तेजलच्या हातात दिली.

ती किल्लीकडं बघतच राहिली. "वळणापर्यंत जाऊन यायचं ना? तुम्ही मागे बसणार ना?"

"चालू तर कर."

जांभळीखाली जाऊन तिनं गाडी स्टँडवरून काढली. जड होती. पण तोलली गेली. न्यूट्रल बघितलं. पुन्हा बघितलं. बटन दाबलं आणि इंजिन धडधडायला लागलं, तशी स्वतःच सुरू केलेल्या आवाजानं ती दचकली.

बुवा मागच्या सीटपाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत. भगव्या उपरण्याचा पदर त्यांनी डोक्यावरून घेतला आणि तसेच उभे राहिले, यष्टीची वाट बघणाऱ्या बाईसारखे.

"मी तुझी आई," ते म्हणाले. "आलीयास न्यायला. बोल."

तेजलला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आई..." ती म्हणाली.

"आँ?"

"आई, मी आलेय."

"ऐकू येत न्हाई."

"मी आलेय, आई. न्यायला."

बुवांनी कानामागं हात धरला. तिनं मान आणखी वळवली, घसा ताणला, आणि तिच्याही नकळत उजवी मूठ पिळली गेली. इंजिन गुरगुरलं. आवाज झाडावरच्या साळुंक्या उडवत दरीत गेला. ती काय बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"काय म्हनतीस बाई?" पदराआडून बुवा म्हणाले. "लई मोठा आवाज हाय तुझ्या गाडीचा."

ती थांबली. हँडलवरची बोटं पांढरी पडली होती.

मग तिनं किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. एकाएकी सगळं इतकं शांत झालं, की गार होणाऱ्या धातूची टिकटिक ऐकू यायला लागली. तेजल खाली उतरली. गाडी स्टँडवर लावायला तिला वेळ लागला. बुवा पदर घेऊन तसेच उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. वीस घोडे नव्हते, हेल्मेट नव्हतं, काहीच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "घरी येतेस का गं?"

बुवा काही बोलले नाहीत.

ती वाट बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघत राहिली. दाढी, सुरकुत्या, राख... आणि तरी तिचे डोळे भरून आले.

"हेच," ती म्हणाली. "हेच होणार, बुवा. ती अशीच गप्प बसेल. नाहीतर नाही म्हणेल. मग मी काय करू? इतकी वर्षं मी... लायसन, गाडी, सगळं कशाला शिकले मग? गाडी घेऊन गेले असते तर तिला नाही म्हणता आलं नसतं. गाडी दारात उभी आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणतं?"

बुवांनी उपरणं डोक्यावरून खाली घेतलं. झटकलं. खांद्यावर टाकलं.

"तुझा बाप सकाळी गाडी लावून गेला," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"किल्ली अडकवली. चार पावलं गेला आनि माघारी आला. मागचं सीट पुसलं. धोतराच्या सोग्यानं. दव पडलं हुतं त्यावर." बुवांनी त्या सीटवरून हात फिरवला. "पुढचं पुसलं न्हाई."

तेजलनं वळून बघितलं. पुढच्या सीटवर, ती बसली होती तिथं, ओल पुसली गेली होती, कडेला थेंब अजून होते. मागचं सीट कोरडं होतं. एखाद्या पाटासारखं स्वच्छ.

"त्यांना ठाऊक आहे?" तिनं विचारलं. "ते काही म्हणाले?"

"त्यो कवा काय म्हनलाय?"

तिला खिडकीखालची ती आठवण वेगळीच दिसायला लागली. यष्टी हलली तेव्हा वडील तिथंच तर होते. तिच्या मागं, पिशवी हातात घेऊन. तेही काही म्हणाले नव्हते. त्या घरात कुणीच कुणाला काही विचारलं नव्हतं. सात वर्षं.

तिनं किल्ली बुवांपुढं धरली. बुवांनी घेतली नाही. तिची बोटं किल्लीवर मिटवली फक्त.

दुसऱ्या हातानं तिनं खिशातला फोन काढला. त्याच्याकडं बघितलं.

"रेंज येते का हो इथं?"

बुवांनी वळणाकडं बोट केलं. पांढऱ्या कठड्यापाशी, जिथून रस्ता खाली जायला लागतो.

"तिथं येती. सगळे तिथंच जाऊन बोलत्यात. लगीन जमल्यालं, मोडल्यालं, समदं तिथनंच."

तेजल निघाली. गाडी जांभळीखालीच राहिली. चपलांखाली खडी करकरत होती. वळणावरून अचानक हॉर्न वाजला आणि ती टुणकन कडेला उडाली. खालून चिऱ्यांनी भरलेला ट्रक पहिल्या गिअरवर कण्हत कण्हत माथ्यावर आला. ड्रायव्हरनं मठाकडं बघून कपाळाला हात लावला. बुवांनी हात वर केला. ट्रक गेला, धूळ राहिली.

धुळीत उभं राहून तिनं आईचं नाव शोधलं. अंगठा त्याच्यावर ठेवला. मग उचलला.

"बुवा," ती तिथूनच म्हणाली, "पण तिला सांगू काय? मी न्यायला येते असं तर आता म्हणता येत नाही. मला काही तिला गाडीवरून आणता येत नाही सोमवारच्या आत..."

बुवा धुनीकडं परतत होते. त्यांनी मागं वळून बघितलं.

"घाट खालनंबी चढत्यात, पोरी."